निळ्या बिल्ल्याची बांधी

मी, रुखमाबाई बेवा गोमाजी लंजे, वय अंदाजे बासष्ट वर्षे, धंदा शेती, राहणार एकोडी, तहसील साकोली, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवते. खोकला जुना आहे, पण डोके ठिकाणावर आहे. मी सांगते तसे केशवराव गुरुजी लिहीत आहेत. काही मजकूर गाळावा असे त्यांचे म्हणणे पडले. मी गाळू दिला नाही.

१. राहते कवेलूचे घर व घरातील भांडी माझा भाचा धनीराम, राहणार अड्याळ, याला द्यावी. माझ्या आजारपणात बंडी जुंपून येणारा तो एकटाच.

२. दोन शेळ्या शेजारीण मंगलाबाईला द्याव्या. तशाही त्या तिच्याच अंगणात असतात.

३. बोडीखालची, म्हणजे गावतळ्याच्या पाण्यावर पिकणारी धानाची बांधी. हिच्याबद्दल सविस्तर लिहायचे आहे.

पतीच्या हिश्शाची ही जमीन त्यांच्या मागे माझ्या नावे चढली. मधल्या बांधाच्या, म्हणजे धुऱ्याच्या पलीकडची बांधी माझे दीर तुलाराम यांची, पण कारभार सगळा माझी जाऊ शकुंतलाबाई हिचा. मला मूल नाही. तिला तीन मुलगे, नवरा धडधाकट आणि सत्यवतीसारखी सून. एकाच घरात दोघी सुना होऊन आलो, आणि सगळे तिच्याच पदरात पडले.

सन १९७९ मध्ये आम्ही दोघींनी प्रमाणित बियाण्याचा प्लॉट घेतला. नियम कडक होते. बांधीत एकच वाण हवे, रानटी धानाचे प्रत्येक झाड फुलण्याआधी मुळासकट उपटायचे, खळे वेगळे, पोती कोरी. मी नियम तोंडपाठ केले आणि पाळलेही. तपासणीचे साहेब आले. शकुंतलेची बांधी पास, माझी नापास. तिच्या पोत्यांना निळे बिल्ले लागले. पार लाखांदूरहून लोक एसटीने बियाण्यासाठी येत आणि माझ्याच दारात विचारत, "शकुंतलाबाईचं घर कोणतं जी?" मी बोटाने दाखवी आणि आत येऊन चूल फुंकत बसे. चूल पेटलेलीच असे.

सन १९८३ ला मी पुन्हा प्लॉट घेतला. धान फुलायच्या बेतात आले आणि मला तापाने धरले. बांधीत रानटी धान तसेच उभे. मी धुऱ्यावर बसून रडत होते, तेव्हा सत्यवती न बोलावता माझ्या चिखलात उतरली.

पलीकडून शकुंतला ओरडली, "आपली बांधी सोडून तिच्या बांधीत कायले मरून राहिली?"

सत्यवती सासूला म्हणाली, "मामी, इथलं रानटी धान फुललं तं आपल्या धानात भेसळ होईल. मंग आपलाबी प्लॉट नापास."

"तं आपलं पहिले कर ना!"

"आपल्या बांधीत तिघं जण आहेत. मोठीमाय एकटी आहे."

त्या वर्षी माझी बांधी पास झाली. शकुंतलेचे तिघे मुलगे धुऱ्यावर बिड्या ओढत बसले आणि तिची नापास झाली. माझ्या बिल्ल्याचा मला आनंद झाला. तिचा बिल्ला गेला त्याचा त्याहून जास्त झाला. गुरुजी, हे असेच लिहा.

शकुंतलेने सगळा दोष सुनेवर घातला आणि तिला माहेरी धाडले. ती होळीनंतर परत आली. तेव्हापासून माझ्या बांधीत पाय ठेवायची तिला मनाई आहे. ती धुऱ्यापलीकडूनच विचारते, "मोठीमाय, जेवली काय?" असे विचारणारे माणूस शकुंतलेच्या स्वयंपाकघरात चोवीस तास वावरते आणि ती त्याला चांगला शब्द देत नाही. बिल्ल्यांचा हेवा मी सोसला. हा सोसवत नाही.

म्हणून सदर बांधी मी सत्यवती हिला एकटीला देत आहे. तिचा नवरा, सासू, सासरे यांचा या बांधीवर काही हक्क राहणार नाही. प्लॉट घ्यावा की साधे धान लावावे, हे तिचे तिने ठरवावे. शकुंतला म्हणेल, जमीन आमच्याच घरात आली. तिला सांगावे, घरात नाही, सुनेकडे आली. यापुढे सुनेला माहेरी धाडायचे झाले तर रोवणी कोण करील, याचा तिने आधी विचार करावा.

४. माझ्या तेरवीला शकुंतलेला पहिल्या पंगतीत बसवावे. भात माझ्या बांधीतल्या तांदळाचा असावा आणि वाढायला सत्यवती असावी. जेवताना शकुंतला भाताबद्दल काय बोलते, ते दोन्ही साक्षीदारांनी जवळ बसून ऐकावे. चांगला म्हणाली तर तिला आणखी वाढावा. काहीच बोलली नाही, तरी वाढावा.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, म्हणून अंगठा केला.

रुखमाबाई बेवा गोमाजी लंजे, डाव्या हाताचा अंगठा

आमच्या समक्ष अंगठा केला:
१. केशवराव हटवार, निवृत्त शिक्षक (सही)
२. जागेश्वर कापगते, शेतकरी (सही)

मुक्काम एकोडी, दिनांक १६ जानेवारी १९८६