काचेवरची वाफ

३ जुलै, गुरुवार
मुग्धाला तपासणीला नेताना विरार सोडायच्या आतच, चंदनसारच्या वळणावर गाडीचा ब्लोअर बंद पडला. एकवर नाही, चारवर नाही. बटण लाल बाजूला फिरवून गरम हवा तरी येते का पाहिलं. ती कशी येणार, पंखा दोन्हीला एकच. बाहेर धो धो, आत आम्ही तिघे, नवरा-बायको आणि लेक. पाच मिनिटांत समोरची काच दुधासारखी. संजीवनी मागून नॅपकिन देत होती, मी एका हाताने पुसत होतो. पुसलेलं पुन्हा धुरकट. भाजीची हातगाडी दिसली तेव्हा बंपरपासून वीतभर अंतर होतं. भाजीवाल्याने बॉनेटवर थाड्कन हात मारला. बरोबरच केलं.
मुग्धा काही बोलली नाही. दोन्ही हात पोटावर. नववा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून हौसेने ठाण्याहून आणलं लेकीला. वाटेत ब्रेकचे असे गचके खायला नव्हे.
डॉक्टरबाई वसईला. पावसात पाऊण तास. रिक्षात खड्डे आणि वरून भिजणं, आणि पाणी साचलं की टॅक्सी येत नाही. गाडी नीट हवी, बास.

४ जुलै, शुक्र.
गाडी वालीवच्या गॅरेजला टाकली. शेट्ये म्हणून फोरमन आहे. फोनवरचं बोलणं न थांबवता तक्रारीचं कार्ड भरलं, सहीला माझ्यापुढे सरकवलं. संध्याकाळपर्यंत देतो म्हणाला.
दिली नाही.

५ जुलै, शनि.
शेट्येचा फोन: 'काका, गाडी एकदम टकाटक.' आणायला गेलो. गॅरेजच्या दारातच ब्लोअर लावून पाहिला. ढिम्म. काय केलं म्हणून विचारलं, तर म्हणे गॅस भरला. कसला? 'एसीचा. कूलिंग कमी होतं ना?'
माझा आवाज चढला. अरे, हवाच येत नाही तर ती गार करून काय करू? त्याने शांतपणे कार्ड काढून दाखवलं. तक्रार: एसी चालत नाही. खाली माझी सही.
'तुम्हीच म्हणालात, एसी बंद आहे. ब्लोअर कुठे म्हणालात?'
म्हणालो असेन. आपल्याकडे सगळेच म्हणतात. हवा नाही आली की एसी गेला, घरात असो की गाडीत.
'आणि वाचून सही केलीत ना, काका?'
पस्तीस वर्षं वर्तमानपत्रात दुसऱ्यांची वाक्यं तपासली. एक शब्द चुकला म्हणून पानं थांबवली. आणि हे तीन शब्द न वाचता सही. त्याचा राग येतोय की माझा, कळत नाही. तूर्त त्याचा. ब्लोअर बघायला सोमवारनंतर या म्हणाला. तिथे पुन्हा पाय ठेवणार नाही.

६ जुलै, रवि.
शेजारचे परब म्हणाले, काचेला बटाटा चोळा, वाफ धरत नाही. चोळला. आता वाफही धरते आणि वर पांढरे फराटेही. संजीवनीने घासून काढलं. 'भाजी तरी झाली असती,' म्हणाली.
संध्याकाळी मुग्धा गॅलरीत तिच्या सासूबाईंशी बोलत होती. ऐकायचं नव्हतं, पण घर केवढंसं. 'हो आई, तिकडे हॉस्पिटल चालत जाण्यासारखं आहे. बघते. बाबांना वाईट वाटेल.'
वाईट? मला राग आलाय. खोली रंगवली. पाळणा धुऊन, उन्हं नव्हती तर पंख्याखाली वाळवला. संजीवनीने डिंकाचे लाडू करून ठेवलेत. आणि एका पंख्यापायी पोरगी परत जाणार.

८ जुलै, मंगळ.
स्वतःच फ्यूज शोधला. जळलेला. नवा बसवला. बटण फिरवलं, घर्र झालं, माझ्या तोंडावर हसू येईपर्यंत पुन्हा गेला. दुसरा बसवला. तोही गेला. म्हणजे जळतंय दुसरीकडे, फ्यूज आपला बळी जातोय.
जावई निहार फोनवर: 'बाबा, काचा खाली करून चालवा ना.' धन्यवाद. बाळ पोहतच जाईल.
मुग्धा जेवताना सरळ बोलली. 'बाबा, मी ठाण्याला जाऊ का?' मी म्हटलं, जा. असं म्हणायचं नव्हतं. ताट सारून उठलो.

९ जुलै, बुध.
पेपरातलं माझं सदर वेळेत पाठवलं. एवढं एक जमतं. विषय पर्यटन. काय लिहिलं ते विचारू नये.
मुग्धा आणि मी दिवसभर तिच्या आईमार्फत बोलतोय.

१० जुलै, गुरु.
बस्त्याव आला. गाडीच्या वायरिंगचं काम करतो. गावातला, आगाशीकडचा. परबांनीच नंबर दिला (बटाट्याची भरपाई). पार्किंगमध्ये गोणपाट टाकून डोकं डॅशबोर्डखाली घातलं. पहिला प्रश्न: 'काका, हिकडं खाली ओलं किती दिवस हाय?'
मुग्धाने आठवड्यापूर्वी सांगितलं होतं, पायाखालची चटई ओली आहे. मी म्हटलं होतं, तुझी छत्री गळते.
'छत्रीचं नाय. पानी वरून येतंय.' बाहेर येऊन वायपर काढले, काचेच्या बुडाची जाळी उचकटली. आणि हसायलाच लागला. 'काका, तुम्ही तर झाड लावलंय.'
जाळीखाली काळा चिखल, कुजलेल्या पाकळ्या, तांदळाचे दाणे. मधोमध झेंडूचं वीतभर रोप. चांगलं टवटवीत.
दसऱ्याचा हार. हार हाताने काढायचा नसतो, आपणहून सुटू द्यायचा, असा माझा नियम. दिवाळीपर्यंत वायपरला लोंबत होता. पाकळ्या आणि अक्षता जाळीतून खाली, पाणी जायची भोकं बंद. मग पाऊस तुंबून उलटा ब्लोअरच्या मोटरवर. जी गाडी सुखरूप चालावी म्हणून पूजा केली, तिचाच गळा आवळला.
'तुमच्यात फुलं, आमच्यात पन फुलं,' बस्त्याव म्हणाला. 'फादरनी गाडी ब्लेस केली की आमी हार दुसऱ्या दिवशी काढतो. विषय संपला.'
शेट्येवर ओरडलो ते सगळं आठवलं. तरी त्याने जाळी उघडून बघायला हवी होती. हे मी सोडणार नाही.

११ जुलै, शुक्र.
संजीवनी रोप फेकू देईना, कुंडीत लावलं. 'हार काढा, हार काढा, मी तेव्हाच म्हणत होते.' तीन वेळा ऐकवलं. चौथ्यांदा तोंड उघडलं तेव्हा मी म्हटलं, चूक माझी. तर म्हणे, 'मला नका सांगू. तिला सांगा.'
सांगितलं नाही.

१२ जुलै, शनि.
मागवलेली नवी मोटर उद्या येते. कालही उद्याच येणार होती. बस्त्यावने जुनीच उघडून, धुऊन, वाळवून बसवली. फिरते, पण चक्कीसारखी. 'चालंल काका. कधीपर्यंत, ते मी नाय सांगनार.' लबाडी नाही माणसात. तरी मला 'चालंल' एवढंच ऐकायचं होतं, पुढचं ऐकून चिडलो.

१३ जुलै, रवि.
सकाळी चहाच्या वेळी मुग्धाला म्हटलं, जा म्हटलं ते रागात. छत्रीचंही चुकलं. ती बिस्किट बुडवत होती. ते चहात पडलं. चमच्याने काढत म्हणाली, 'मला ठाण्याला जायचंच नाहीये हो. पण त्या दिवशी तुम्हाला दिसत नव्हतं आणि तुम्ही थांबतही नव्हता. बाजूला घ्या म्हटलं मी. दोनदा.'
मी ऐकलंच नव्हतं. की ऐकलं होतं?
ठरलं ते असं: भर पावसात एक फेरी. काच स्वच्छ राहिली तर इथेच. नाही तर बुधवारी सकाळी निहार नेणार. आणि ती बाजूला घ्या म्हणाली, की मी बाजूला घ्यायची. वाद नाही.

१५ जुलै, मंगळ.
काल कोरडा गेला. आज सकाळपासून थेंब नाही. जुलैत, विरारला. नको तेव्हा गुडघाभर पाणी, हवं तेव्हा लख्ख ऊन. कोणावर चिडायचं?
मोटर आली नाही.
चार वाजता आम्ही दोघे पार्किंगमध्ये गाडी चालू करून बसलो. ती पुढेच बसली, 'काच मला दिसली पाहिजे' म्हणून. ब्लोअर तीनवर. घरघर एवढी की बोलायचं तर ओरडावं लागे. मग तिने पुढे वाकून, पोट सांभाळत, काचेवर तोंडाने मोठी वाफ सोडली. वीतभर धुरकट गोल. दोघे बघत राहिलो. कडेने आत आत आटत गेला. पटकन नाही.
'ही एकाच माणसाची वाफ,' ती म्हणाली. 'तीन असतील तेव्हा?'
खरं होतं.
पावणेपाचला पश्चिमेकडे काळं दिसायला लागलं. ठरलेल्या फेरीला निघायचं म्हणून मी पट्टा लावला, तिनेही. संजीवनी गॅलरीतून ओरडून विचारत होती, हॉस्पिटलची बॅग खाली आणू का, की ठाण्याची भरू. आम्ही दोघांनीही ऐकलं.