भरलेलं की रिकामं

३ मार्च

आज यांना पहिली सलाईन लागली. डॉक्टरीणबाईंनी परत समजावलं — चरबीचे कण, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. आत जनुक. कण रक्तातून फुप्फुसातल्या गाठीपर्यंत जायचे, तिथे फुटायचे, आणि जनुकाने गाठीला मरायला शिकवायचं. मी म्हटलं, म्हणजे पार्सलच की! इतकी वर्षं मी पार्सल ऑफिसातच नोकरी करतेय. "सगळी पत्त्यावर पोचतात का?" विचारलं, तर म्हणाल्या, "बरीचशी यकृतातच अडकतात." आमच्या गोदामासारखंच.

एक गोम आहे. औषध अजून चाचणीतलं. निम्म्या पेशंटांना भरलेले कण, निम्म्यांना रिकामे. नेहमीचं औषध सगळ्यांनाच. कोणाला काय मिळतंय ते डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नाही. ऑफिसात मी खोकं नुसतं उचलून सांगते, आत काही आहे की नाही. इथेही सवयीने बाटली हातात तोलून पाहिली. सिस्टर ओरडल्या.

४ मार्च

ताप! अंग नुसतं तव्यासारखं. वन्सं मुक्कामाला आल्यात, भावाच्या काळजीने. त्या फोनवर सगळ्यांना सांगत सुटल्या, "औषध लागू पडलं. रिकाम्याने कुठे ताप येतो?" मलाही पटलं. सिस्टरने दिलेली तापाची गोळी मी दिलीच नाही. म्हटलं, आत काम चाललंय, मध्येच कशाला थांबवा. हे कुडकुडत म्हणाले, "अगं, गोळी?" म्हटलं, थोडी कळ काढा.

५ मार्च

सकाळी हे बरळायला लागले. मला आई म्हणून हाक मारली. तसंच दवाखान्यात नेलं. सिस्टरने चांगलंच झाडलं — "ताप त्या चरबीच्या कवचाचा असतो हो. रिकाम्यानेही येतो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी ताप उतरला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. वन्सं दिवसभर फोनला शिवल्या नाहीत.

२५ मार्च

दुसरी सलाईन. ताप आला, लगेच गोळी दिली. भरलेलं की रिकामं? काहीच कळत नाही.

२ मे

स्कॅन झाला. गाठ वाढलीय.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता यांना काय मिळत होतं ते उघडून बघता येईल. "रिकामं निघालं तर भरलेलं देऊ. भरलेलंच निघालं तर..." हे शर्टाची बटणं लावत होते, भलत्याच काजात. मी सगळी काढून परत लावली.

४ मे

डोक्याचा पार भुगा झालाय. इतके दिवस भरलेलं असू दे म्हणून देव पाण्यात घालून बसले, आणि आता तोच देव, तेच पाणी — रिकामं असू दे! तो तरी काय समजायचा? वन्सं म्हणतात, "मला पहिल्यापासून वाटत होतं, रिकामंच असणार." ताप आला तेव्हा गावभर सांगणाऱ्या ह्याच! हसूही आलं, रागही आला. भीती तर वाटतेच आहे.

हे मात्र खुशीत. "रिकामंच असणार गं. तुमच्या ऑफिसातून एक तरी खोकं धड पोचलंय का?" किती दिवसांनी असे हसले. खरं औषध सुरू व्हायच्या आत बाल्कनी रंगवून घ्यायची म्हणतात. रंग कोणता, मला विचारलं. मी हिरवा म्हटलं.

७ मे

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. यांनीच माझा नंबर दिला होता. भरलेलंच होतं. पहिल्या दिवसापासून.

हे बाल्कनीच्या भिंतीवर रंगाचे पट्टे ओढून बघतायत. तिथूनच विचारलं, "कोणाचा गं फोन?"

ऑफिसचा, म्हटलं.