साडूच्या गल्लीपासून लांब

६ एप्रिल
बदली झाली. ऑर्डर हातात आहे. सप्टेंबरपासून उत्तरेकडच्या शाखेत, वजनकाटे तपासणी विभागाचा प्रमुख.

तिकडे हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली वीसपर्यंत जातो म्हणे. जाऊ दे. आमची तपासणीची खोली वर्षभर अठरा अंशांवर असते आणि मी तिथे बारा वर्षं बिनस्वेटरचा बसतो आहे.

आता राहायला उपनगर निवडायचं. मुलगी दहा वर्षांची, आईचे गुडघे अडुसष्ट वर्षांचे. तेव्हा शाळा, दवाखाना, बस, बाग, सगळं शास्त्रशुद्ध बघायचं. घाई करायची नाही. कुणाचं ऐकायचं नाही.

साडू गेली चार वर्षं त्याच शहरात आहे. त्याचा निवडीशी काही संबंध नाही.

६ एप्रिल, संध्याकाळी
माझा चहा संपायच्या आत बायकोने तिच्या ताईला फोन लावलासुद्धा. साडूने निरोप दिला की आमच्याच गल्लीत या, शेजारचं घर ऑगस्टमध्ये रिकामं होतंय, मालकाला थांबवून ठेवतो. बायको म्हणाली, भावोजी किती करतात. मी म्हणालो, बघू.

साडूबद्दल एकदाच लिहून टाकतो, म्हणजे विषय संपेल. वयाने माझ्याहून तीन वर्षांनी लहान, नात्याने मोठा, कारण त्याने मोठी बहीण केली. धंदा फिजिओथेरपिस्टचा. म्हणजे लोकांचे हातपाय ओढायचे आणि वर त्यांच्याकडूनच आभार मानून घ्यायचे. डोक्यावरचे केस सगळे शाबूत. सासूबाईंचं निम्मं बोलणं 'आमचे मोठे जावई' या शब्दांनी सुरू होतं. मला याचं काही वाटत नाही. विषय संपला.

१२ एप्रिल
सात उपनगरांचा तक्ता केला. प्रत्येक गोष्टीला वजन दिलं: शाळा तीस, दवाखाना वीस, बस वीस, मुलांची सोबत वीस, मोकळी हवा दहा. आयुष्यभर दुसऱ्यांची वजनं खरी का खोटी ते तपासलं, आता स्वतःसाठी.

निकाल: साडूचं उपनगर पहिलं.

तक्त्यात कुठेतरी चूक आहे.

१३ एप्रिल
चूक सापडली. मोकळ्या हवेला दहाच वजन दिलं होतं. चाळीस केलं. शिवाय 'एकांत' असा नवा रकाना घातला, कारण नातेवाईक फार जवळ असले की नाती बिघडतात. साडूचं उपनगर आता पाचवं. टेकडीवरचं उपनगर पहिलं.

शास्त्र ते शास्त्र.

२ मे
ताईने फोटो पाठवले. गल्लीत मुलं सायकली चालवताहेत, साडू एकाचं सीट धरून मागे पळतोय. पळताना पोट हलत नाही. फोटो मोठा करून नीट तपासलं.

आई म्हणाली, किती गोड माणूस. मी म्हणालो, फोटोत सगळेच गोड दिसतात. आई म्हणाली, तुझा मागच्या वर्षीचा फोटो आठवतोय मला.

१७ मे
टेकडीवरचं घर ठरवलं. आजपासून वर्षाचा करार. एजंटने व्हिडिओ कॉलवर दाखवलं: तीन खोल्या, दिवाणखान्याला मोठी काच, खाली पसरलेलं अख्खं शहर. मी विचारलं, साडूचं उपनगर यातलं कुठलं? एजंटने बोट दाखवलं. खाली, नदीजवळ, पार चपटं.

बायको म्हणाली, न बघता घर घेतोस? आणि हे दुरून डोंगर साजरे असलं तर? मी म्हणालो, आपण डोंगरावरच राहणार आहोत, दुरून बघायचा प्रश्नच नाही. ती ताटं उचलायला उठली. म्हणजे मुद्दा पटला.

मुलीने विचारलं, दादाच्या शाळेत नाही का जायचं मग? दादा म्हणजे साडूचा मुलगा. मी म्हणालो, त्याच्याहून चांगल्या शाळेत. ती नुसतीच मान हलवून गेली.

४ सप्टेंबर
पोचलो. साडू स्टेशनवर हजर. सगळ्यांसाठी जाड कोट घेऊन आला होता, प्रत्येकाच्या मापाचे. आईच्या कोटाला आतून लोकर. माझाही अगदी बरोबर बसला असता. घातला नाही. सप्टेंबरात कोट घालून मिरवायची मला हौस नाही.

संध्याकाळी दात वाजत होते, पण ते प्रवासाने.

२० सप्टेंबर
साडूच्या कुटुंबाला मुद्दाम घर बघायला बोलावलं. त्याला काचेपाशी उभं केलं. पाच मिनिटं नुसतं बघू दिलं. शेवटी म्हणाला, सुंदरच आहे. मग हळूच विचारलं, हिवाळ्यात बस वरपर्यंत येते ना?

जळतो. दुसरं काही नाही.

रविवारी दुर्बीण विकत आणणार. पक्षी बघायला.

२५ ऑक्टोबर
आजूबाजूची घरं एकेक करून बंद होऊ लागलीत. चौकशी केल्यावर कळलं की टेकडीवर लोक उन्हाळ्यापुरते येतात. आता वर आम्ही, आणि पाण्याच्या टाकीचा म्हातारा रखवालदार. एजंटने एकांताबद्दल शब्द पाळला.

मुलीला खेळायला कुणी नाही. मी घरी तिला जुनी वजनं आणून दिली, पन्नास ग्रॅमपासून पाच किलोपर्यंत. दोन दिवस खेळली. तिसऱ्या दिवशी त्यांना नावं दिली. चौथ्या दिवशी त्यांची शाळा भरवली आणि स्वतः मागच्या बाकावर बसली. कल्पक आहे. माझ्यावर गेली.

१६ नोव्हेंबर
बर्फ. बस पायथ्याशीच थांबते. चालत वर यायला चाळीस मिनिटं. व्यायाम होतो. लोक व्यायामासाठी कुठे कुठे जातात, आम्हाला दारात.

आई एकोणीस दिवस घराबाहेर पडलेली नाही. मी म्हणालो, काचेतून सगळं दिसतं की. आई म्हणाली, दिसतं रे, पण माणूस दिसत नाही.

२८ नोव्हेंबर, शनिवार
बायको आणि मुलगी दोन दिवसांसाठी ताईकडे गेल्या. बर्फातला उतार उतरायला नको म्हणून आई राहिली. मीही राहिलो. घराकडे कुणीतरी बघायला हवं.

दुपारी पक्षी बघत होतो. पक्षी नव्हते. दुर्बीण सहज नदीकडे वळली आणि गल्ली सापडली. आठ-दहा मुलं, मधे आमचीचा लाल कोट. साडू गुडघ्यावर बसून बर्फाचा केवढा तरी गोळा ढकलत होता आणि ती त्याच्या पाठीवर चढून पुढचा रस्ता दाखवत होती. इतक्या लांबून हसणं दिसत नाही. पण हात दिसतात. हात फार हलत होते.

चाळीस मिनिटं बघितलं. आईने विचारलं, कुठला पक्षी? मी म्हणालो, ओळखू येत नाही.

बर्फातला माणूस करणं काही अवघड नाही. उद्यापासून सराव करणार.

२९ नोव्हेंबर
सराव केला. आमच्याकडे बर्फ भुसभुशीत आहे, गोळा होत नाही. खाली चांगला बर्फ पडतो. नशीब एकेकाचं.

३ डिसेंबर
नीट लिहायला हवं.

आज बर्फामुळे शाळा बंद. मुलगी आणि आई घरी, बायको कामावर, मी तपासणीच्या खोलीत. तिथे फोन आत नेत नाहीत, बाहेरच्या कप्प्यात ठेवतात. नियम मीच कडक केला.

पाच वाजता फोन हातात घेतला. चौदा मिस्ड कॉल. पहिले चार घरून, मग साडू, साडू, साडू, मधे बायको, पुन्हा साडू. पहिले चार मला दिसलेच नाहीत, कारण सगळ्यात वर त्याचं नाव होतं. मनात आलं, आता काय मिरवायचं असेल. फोन खिशात टाकला आणि बसस्टॉपपर्यंत चालत गेलो. तिथे बायकोचा आला. उचलला.

आई दुपारी दाराबाहेर पडली होती, ऊन बघायला. पायरीवर घसरली. उजवं मनगट मोडलं. मुलीला तिला उचलता येईना. तिने घरातलं पांघरूण आणून आजीच्या अंगावर टाकलं, मला चार वेळा फोन केला, आणि मग काकांना, म्हणजे साडूला. काकांनी पहिल्या रिंगला उचलला. गाडी चढेना म्हणून तो पायथ्यापासून चालत वर आला, मुलाची बर्फावरची घसरगाडी ओढत. मनगटाला मुलीची फूटपट्टी बांधली, मी न घातलेला कोट आईभोवती गुंडाळला, तिला घसरगाडीवर बसवलं आणि पुढे स्वतः उलटा चालत, गाडी छातीने अडवत, खाली नेलं. मुलगी मागून दोर धरून होती. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा प्लास्टर वाळत होतं.

आई सगळ्यांना सांगत होती की घसरगाडीवर फार मजा आली. माझ्याकडे बघून म्हणाली, जेवलास का?

साडू म्हणाला, तुमचा फोन आत नेत नाहीत ना, मी पोरीला समजावून सांगितलं. मी म्हणालो, हो. आभार मानायचे राहिले. गडबडीत राहतात.

५ डिसेंबर
डॉक्टर म्हणाले, आईला टेकडीवर न्यायचं नाही. आई साडूकडे. तिची वेणीफणी करायला हवी म्हणून बायको साडूकडे. शाळा तिथून जवळ म्हणून मुलगी साडूकडे. करार मेपर्यंत आहे म्हणून मी वर.

तत्त्वाचा प्रश्न आहे.

१३ डिसेंबर
रखवालदार आला होता. विचारत होता, घरचे परत कधी येणार. मी म्हणालो, लवकरच. त्याने खिडकीतली दुर्बीण बघितली, काचेतून खाली बघितलं आणि म्हणाला, रात्रीचं काही दिसत नाही हो त्यातून, झोपत जा.

आगाऊ माणूस.

२० डिसेंबर
खाली गेलो. सहज. साडू आईच्या बोटांचा व्यायाम घेत होता आणि आई एकेका बोटाला त्याच्या एकेका पेशंटचं नाव देत होती. मला बघून त्याने खुर्ची पुढे केली. स्वतःची.

बायकोने बाहेर बोलावलं. म्हणाली, मी गल्लीत घर बघितलंय. पुढच्या महिन्यात आम्ही तिघी तिथे जाणार. तू यायचं की नाही ते तुझ्या तक्त्याला विचार. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

मी म्हणालो, शेजारचं घर अजून रिकामं आहे का? ती म्हणाली, ते मे महिन्यातच गेलं. भावोजींनी मालकाला सहा आठवडे थांबवलं होतं. तुझ्या होकारासाठी.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल, मी फोटो बघत असेन.

१० जानेवारी
नवं घर. गल्लीच्या टोकाला, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर. दोन खोल्या. काच लहान. समोर भिंत. वजनदार कपाट साडूने पाठीवर घेऊन वर चढवलं. मी खालून दिशा सांगितल्या. दिशा चुकली असती तर कपाट अडकलंच असतं.

शेवटी मी म्हणालो, बरं झालं तुम्ही होतात. तो म्हणाला, अहो त्यात काय. मग म्हणाला, तुमची मुलगी फार धीराची आहे. त्या दिवशी उतारावर एकदाही रडली नाही. खाली पोचल्यावर मात्र माझा हात सोडेना.

कपाटाचं दार नीट लागतं का ते बघायला मी आत गेलो. बराच वेळ लागला.

१९ जानेवारी
मुलीला दादाच्या शाळेत प्रवेश मिळाला. फॉर्म तिने स्वतःच भरला, सुंदर अक्षरात. मी नुसता तपासला. तपासणं माझं कामच आहे.

जन्मतारीख बरोबर. पत्ता बरोबर. रक्तगट बरोबर. शेवटी रकाना: तातडीच्या वेळी कुणाला फोन करावा, क्रमाने लिहा. एक, काका. दोन, आई. तीन, बाबा.

वर्णानुक्रमे लिहिलं असणार. क आधी, ब नंतर.

पण मग आई पहिली यायला हवी होती.

तिला विचारणार होतो. ती खाली गल्लीत खेळत होती, खिडकीतून आवाज येत होता. विचारलं नाही. फॉर्मवर खाली पालकाची सही लागते. ती केली.