चिंचेच्या मागचा गूळ

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

बाळीवेस, सोलापूर
१२ मे २०२५, सोमवार

विहीणबाई महानंदाताईंना दाक्षायणीचा शरणार्थ.

हितं सगळी बरी हायत. ऊन असं तापलंय की भाकरी तव्यावर कमी न् गच्चीवर जास्त कडक होतीय. तुमची लेक सकाळी बँकेत जाती ती दिवेलागणीला येती. शिवूचं दुकान चाललंय. अक्षताची तिसरी संपली, पास झाली. तुमचे गुडघे कसे हायत? तेल लावत जावा, नुसतं बसून बरे होत न्हाईत.

ओळी एकमेकींवर चढल्या तर कागदाला रेघा न्हाईत म्हणून समजून घ्या. शाळा चौथीपतूरच झाली, मास्तरणीसारखं अक्षर कुठनं येणार?

फोन का केला न्हाई म्हणाल. फोन तुमचा न् अक्षताचा. त्यात तिसऱ्या माणसाला जागा न्हाय.

परवा जेवताना शिवू म्हणाला, "अव्वा, अक्षताला जूनपास्नं कुर्डुवाडीला ठिवू का? तिकडल्या आज्जी म्हणत होत्या. इंग्लिश पक्कं होईल." मी त्याच्या ताटात न मागता अजून एक भाकरी वाढली. तोंड भरलेलं असलं की माणूस पुढं बोलत न्हाय.

तर आता मी बोलते.

रोज सांजच्याला तुमी फोनमधनं माझ्या स्वयंपाकघरात येता. चप्पल काढायला नको, पाय धुवायला नको. फोन पिठाच्या डब्याला टेकून उभा, त्यात तुमचं तोंड, आणि माझी नात माझ्याच फळीवरच्या वस्तू लपवती न् कुठं ठिवल्या ते तुमाला इंग्रजीत सांगती. "ऑन द शेल्फ" म्हणाली की तुमी मान हलवता. "फळी केवढी मोठी हाय, नेमकं सांग." मग ती म्हणती, "राईट ॲट द एंड ऑफ द शेल्फ." "टू इंचेस अबव्ह द टॅप." "जस्ट इनसाइड द डोअर." की तुमी टाळी वाजवता. टाळी कुर्डुवाडीत वाजती न् पोरगी हितं फुलती.

आधी त्याच वेळेला ती माझ्याजवळ बसायची. मी शेंगाची चटणी कुटायची न् ती उखळातनं बोटानं चोरून खायची. आता मुसळ मी एकटीच हाणते. आवाज झाला तर म्हणती, "आज्जी हळू की, तिकडल्या आज्जीला ऐकू येत न्हाय."

मला बी समजावलं तिनं. "आज्जी, नुसतं कुठं ते सांगून भागत न्हाय. त्याच्या आधी किती ते लावायचं. अगदी, जरासं, दोन इंच." मी म्हटलं, "ह्यात त्या बाईनं नवीन काय शिकवलं? आमी ऐन मधोमध म्हणतो, पार कडंला म्हणतो, चुलीच्या वीतभर वर म्हणतो." तर म्हणती, "तसं न्हाय गं. आपण आधी चूल सांगतो, मग वीत. इंग्लिशमध्ये आधी वीत, चूल शेवटी." म्हटलं, बरोबर हाय. साहेब समुद्रापलीकडनं आलेला, त्याला आधी अंतरच आठवणार.

ती हसली. आणि ते बी तुमालाच फोनवर सांगितलं.

आता बसवजयंतीचं. तुमी आला होता, गव्हाची गोड हुग्गी मी केली होती. माझे डबे सगळे एकसारखे, तुमच्या लेकीनंच आणलेले. मला झाकण उघडून बघावं लागत न्हाय, हात जागा वळखतो. पुढं गूळ, मागं चिंच. आदल्या सांजेला तुमच्या खेळात अक्षतानं दोन्ही फिरवले. मी पुढच्या डब्यात हात घातला, ढेकळं फोडली न् शिजल्या गव्हात टाकली. काळा गूळ न् जुनी चिंच, दोन्ही चिकट, दोन्ही काळपट. कुणाची बी चूक होईल. वासावरनं कळायला पायजे होतं म्हणाल, तर त्या दिवशी मला सर्दी होती.

पयली वाटी मानानं तुमाला दिली. तुमी सगळी खाल्ली. तोंड वाकडं केलं न्हाय, पाणी मागितलं न्हाय. तुमी गेल्यावर शिवूनं घास घेतला न् मोरीकडं पळाला तवा मला कळलं. तिथंच "दाक्षायणीबाई, हुग्गी आंबट झालीय" तुमी म्हणाला असता तर मी भांडून मोकळी झाले असते. तुमी गुमान खाल्ली, गुमान घरी गेला, न् शिवूला फोन केला की अव्वांना दिसत न्हाय, पोरगी दिवसभर त्यांच्या भरवशावर कशी ठिवता.

त्या दिवशी मी अक्षतावर वरडले. डबे कशाला हलवलेस म्हणून. ती रडली न्हाय. म्हणाली, "मी मोठ्यानं सांगितलं होतं की, आज्जी. द जॅगरी इज राईट बिहाइंड द टॅमरिंड. गूळ चिंचेच्या अगदी मागं. तू तिथंच होतीस."

होते की. पीठ मळत होते. सगळं ऐकलं न् एक शब्द कळला न्हाय. माझ्या घरातल्या गुळाची बातमी कुर्डुवाडीला पोचली, मला न्हाय.

तवापास्नं पोरगी माझ्यामागं उभी राहती न् मराठीत सांगती. "मीठ डाव्या हाताला, भिंतीला अगदी चिकटून. उलथणं परातीच्या दोन बोटं पुढं." हात बरोबर तिथं पडतो. नेमकं सांगायची सवय तिला तुमी लावली न् ती माझ्या कामाला येतीय, हे मला अजिबात आवडलेलं न्हाय. लिवायचं म्हणून लिवते.

डोळ्यांचं म्हणाल तर दिसतंय. उजव्यानं बरं दिसतं. डाव्यात सगळं तांदळाच्या पाण्यासारखं. मोतीबिंदू हाय, डॉक्टरनं गेल्या साली सांगितलंय. घरात बोलले न्हाय, कारण मला माणसं ठाऊक हायत. डोळा बिघडला म्हटलं की डोळा ऱ्हातो बाजूला, आधी लेकरू उचलतात. तुमी तेच करायला निघाला.

आता शिवूला सगळं सांगितलंय. शुक्रवारी ऑपरेशन हाय. तुमी यायची गरज न्हाय. आलाच तर दार उघडंच असतं, पण डब्यांना हात लावायचा न्हाय.

आणि एकच काम हाय तुमच्याकडं.

काल शिवूनं माझ्यादेखत अक्षताला विचारलं, "कुर्डुवाडीला राहणार का गं? सांग, म्हंजी बॅग भरू." बॅग माळ्यावरनं काढून ठिवली होती त्यानं. ती माझ्या पदराला हात पुसत होती. मला कळू नये म्हणून इंग्रजीत बोलली. "आय विल स्टे राईट हिअर, जस्ट बिसाइड हर." शिवू भाकरी मोडता मोडता थांबला. उठला न् बॅग परत माळ्यावर टाकून आला. मी विचारलं, "काय म्हणाली रं?" तो नुसता हसला. पोरगी म्हणती, "तूच शोध की, आज्जी."

दिवसभर तोंडात घोळवून पाठ केलं, म्हणून लिवता आलं. राईट म्हंजी अगदी, एवढं मला आता येतं. बॅग कुठं गेली ते बी मला दिसलं, डाव्या डोळ्यानं सुद्धा. बाकीचं शिवूला विचारता येईल, तुमच्या लेकीला विचारता येईल. पण मला ते तुमच्याकडनं पायजे. मास्तरीण तुमी, शिकवलं तुमी. त्या वाक्याचा अर्थ मराठीत, तुमच्या हातानं लिवून पाठवा. हर म्हंजी कोण, ते नाव घालून लिवा.

अक्षर मोठं काढा.

हितली, अक्षताच्या अगदी जवळची आज्जी,
दाक्षायणी