फणसाच्या फळ्या

धामापूर,
१६ मार्च २०२५

प्रिय विराज,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत. आयेचे गुडघे दुखतात तसेच आणि तिचं तोंड चालतं तेही तसंच. तुझा फोन दिवाळीपासून बंद आहे. वास्कोला तुझ्या कामावर चौकशी केली, तर डिसेंबरात काम सोडून गेला, कुठे ते ठाऊक नाही, म्हणाले. म्हणून खोलीच्या जुन्या पत्त्यावरच लिहितोय. बाकी काही लिहावंसं वाटलं नाही तरी पत्र मिळालं एवढं तरी कळव.

आता खरी बातमी. तुझ्या दादाने मधमाश्या पाळल्यात! हसू नको. पेट्या घरीच केल्या, चांगल्या सहा. पडलेल्या फणसाच्या फळ्या होत्या, त्या पावसात कशाला कुजवायच्या? दाजी सुतारांनी फळ्या कापून दिल्या, ठोकाठोकी माझी. पहिली पेटी इतकी वाकडी झाली की आये म्हणाली, "ही कोंबयेक दी अंडी घालूक." दोन चौकटींमध्ये बोटभर जागा सोडायची असते. मी दोन बोटं सोडली, तर माश्यांनी मधल्या जागेत आडवंतिडवं पोळं बांधून सगळं एकात एक चिकटवून टाकलं. पैसे देऊन शिकलेलं विसरतो, चावून घेऊन शिकलेलं नाही. आता पेटीचे पाय पाण्याच्या करवंट्यांत असतात, मुंग्या चढत नाहीत. झाकण उघडण्याआधी नारळाच्या सोडणाचा धूर देतो.

माश्या सातेरी जातीच्या, फणसाच्या ढोलीतल्याच. पोळी अलगद कापली, केळीच्या सोपटाने चौकटींना बांधली. राणी पेटीत गेली तशा बाकीच्या मागोमाग आल्या. एक पेटी भरली. उरलेल्या पाचांत आतून मेण घासलं, सगळं केलं, पण एक माशी फिरकत नाही.

एक सांगायचं राहिलं. कुडाळला मधमाश्यांच्या वर्गात शिकवताना म्हणाले होते, जागा बदलली की माश्या चार दिवस जुन्या जागेवर घोटाळतात. पाच महिने झाले. अजून रोज भर दुपारी बारा वाजता त्या पेटीतून निघतात आणि फणसाच्या खुंटावर, दोन पुरुष उंचीवर, ढोली होती तिथेच जमतात. तिथे आता नुसती हवा आहे. माशी येते, पाय टेकल्यासारखी थांबते, आणि आत शिरावी तशी दिसेनाशी होते. मी बांबू घेऊन तिथे फिरवून पाहिला. बांबूला काही लागलं नाही.

दाजींनी फळ्या कापताना मला विचारलं होतं, "सत्यवाना, ह्या झाड धाकल्याच्या वाट्याचा मा? त्येका इचारलंस?" मी म्हटलं, हो. तू फोनवर काय म्हणालास ते तुला आठवत असेल. "दादा, मी येयसर त्येका हात लावू नको." तू यायच्या आत, आठ दिवसांनी मीच तुला कळवलं, झाड वाऱ्यात पडलं.

गेल्या रविवारी पहिला मध काढायचा होता. त्याआधी जागेच्या राखणदाराला नारळ द्यायला नको? भर दुपारी बाराला खुंटावर नारळ ठेवला, गाऱ्हाणं घालायला उभा राहिलो. बाबा गाऱ्हाणं घालायचे तेव्हा 'व्हय म्हाराजा' म्हणायला आपण दोघे असायचो. या वेळी मी एकटाच. गाऱ्हाणं घालायचं आणि होकारही आपणच द्यायचा, मलाच कसंतरी वाटलं. आये आत चुलीपाशी होती.

म्हटलं, "बा देवा राखणदारा, वाऱ्यान ह्या झाड पडला, तेच्यात आमचो दोष नाय..."

वरचा गुणगुणाट एकदम थांबला. माश्या होत्या तिथेच होत्या, पंख हलताना दिसत होते, आवाज मात्र नाही. विराज, देवाशीसुद्धा खोटं बोलायला माझी जीभ अडखळली नव्हती, तिथे तुझी काय कथा!

मग म्हटलं, "झाड मीया तोडलंय. भावाचा होता. त्येका फसवलंय. झाली चूक पदरात घे, आणि माझ्या भावाक सुखरूप घराक आण रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

वरून आला आवाज. ढोलीच्या उंचीवरून. शेवटचा शब्द लांबवून, थोडा चिरकत. तू तसं म्हणालास की बाबा हसायचे.

मी म्हटलं असतं, उन्हाने डोकं फिरलं. पण आये चुलीपासून ओरडली, "विराज इलो काय रे? ताट वाढतंय त्येका."

तेव्हापासून ती रोज बाराला दोन ताटं वाढते, एक माझं आणि एक तुझं. आधी तुझ्या ताटाजवळ बसते, तुला काय हवं-नको विचारते. मध्येच थांबते, ऐकते, मान डोलावते, आणि भात वाढते. तिला इतकी खूश मी बाबा गेल्यापासून पाहिली नव्हती. मी मात्र ताटावरून तसाच उठतो. जिवंत माणूस वास्कोहून की कुठून, धामापुरात होकार कसा देईल? हा प्रश्न मी कुणाला विचारलेला नाही. तुलाच विचारतोय.

फळ्यांची भरपाई माग, माझ्या वाट्याचा आंबा घे, कायमचं तोंड बघू नको, सगळं कबूल. एका कार्डावर एक सणसणीत शिवी लिहून पाठव. तुझ्या अक्षरात असली म्हणजे झालं.

पोस्टमन इथे साडेअकराला येतो. आये बाराला तुझं ताट वाढायच्या आत तुझं कार्ड हातात पडावं, म्हणून रोज रस्त्यावर जाऊन उभा राहतो.

तुझा अपराधी,
सत्यवान
(दादा लिहायचं धाडस होत नाही)