चिऊच्या भुवईवरचा डाग

मंगळवार, संध्याकाळ

चिऊच्या भुवईवरचा जन्मापासूनचा काळपट डाग डोळ्याकडे पसरतोय, या धास्तीने आठवडाभर नीट झोप नाही. डोळ्याला काही झालं तर? आज डॉक्टरीणबाईंनी ओल्या कापसाने पुसलं, तर पसरलेला सगळा भाग कापसावर आला. काजळ. आंघोळ घातली की सासूबाई रोज त्या डागावरच तीट लावत होत्या. म्हणे, लोकांची नजर तिथंच जाते.

उरला तो मसुरीएवढा डाग, होता तेवढाच. "तिच्याबरोबर थोडा वाढेल. लक्ष ठेवा, पण काळजी नको," बाई म्हणाल्या. किती गोड दिसतो आता तो डाग. रिक्षात मी त्याचेच पापे घेत होते. नारायण पेठेत आम्ही तिघी रिक्षातून उतरलो. दारात सासूबाई म्हणाल्या, "थांब, आधी दृष्ट काढते. ती डॉक्टरीण केवढा वेळ बघत होती."