दवबिंदूला गंगाजल

मंगला गौरी, वाराणसी
२२ एप्रिल

चि. निवेदिता हिस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात आणि मी त्यांच्यामागून. उन्हाने आत्तापासूनच डोळे वटारलेत. दहानंतर गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. साताऱ्याला बरं असेल. तुझ्या कॉलेजच्या परीक्षा संपल्या का? पेपर तपासताना कॉफीवर कॉफी ढोसू नकोस. तुझं पित्त मला माहीत आहे.

आधी खुशखबर. काल सकाळी तू बी पाठवलेल्या दवबिंदूने पहिलं चिलट धरलं! रुपयाएवढं ते रोप, पानांवर लाल केस, केसांच्या टोकाला चिकट थेंब. चिलट बसलं आणि बसलंच. मी चहा गार करून घेतला, पण जागची हलले नाही. दुपारपर्यंत पानाने त्याला कवेत घेतलं होतं.

शेजारची पद्मा बघायला आली आणि दारातच थबकली. "अहो काकू, हा पौधा तर मांसाहारी निघाला! आणि तुम्ही याला देवघराच्या खिडकीत ठेवलाय?"

मी म्हटलं, "आपलं आपण मिळवून खातोय बिचारा. तुझ्या दारी वाटी घेऊन आला होता का?"

ती हसत गेली खरी, पण मला ठाऊक आहे, आता मंगला गौरीत घरोघरी माझ्या मांसाहाराची चर्चा असणार.

आता कबुली. हे माझं पहिलं पीक नाही.

दसऱ्याला तुझी पुडी आली, तेव्हा उघडून मला वाटलं, सुनेने तपकीर पाठवली. एवढं बारीक बी मी जन्मात पाहिलं नव्हतं. सोबत तुझा कागद होता: मॉस आणि धुतलेली वाळू, बी वरच भुरभुरायचं, झाकायचं नाही, खत अजिबात नाही, पाणी फक्त पावसाचं नाहीतर डिस्टिल्ड, तेही खालच्या ताटलीत. मी अर्धं बी पेरलं, अर्धं राखून ठेवलं. तीन आठवड्यांनी खसखशीएवढे हिरवे ठिपके दिसले. भिंग लावून बघत बसायची मी.

तोवर कार्तिक लागला होता. माझा कार्तिक तुला माहीत आहे. पंचगंगा घाटावर गंगास्नान, मग तांब्याचा कलश भरून त्या सगळ्या पायऱ्या चढून वर. एक दिवस तुळशीला पाणी घातलं आणि हात आपसूक त्या कुंडीकडे वळला. मनात आलं, बाटलीतलं मेलेलं पाणी पिऊन ही लेकरं कशी वाढणार? कार्तिकातलं, पंचगंगेचं पाणी, यापरतं पवित्र जगात काय आहे? मग रोजच घालू लागले. वर चमचाभर शेणाचं पाणीही दिलं, ताकद यावी म्हणून.

देवदिवाळीपर्यंत सगळी काळी पडली. खाली घाटावर दिवेच दिवे, लोक आनंदाने ओरडताहेत, आणि मी गच्चीवर मॉसची कुंडी घेऊन बसलेले.

तू फोटो मागितलास तेव्हा म्हटलं, मोबाइलचा कॅमेरा बिघडलाय. पुढे म्हटलं, छान आहेत, वाढताहेत. तीन महिने खोटं बोलले. तीस वर्षं शाळेत पोरींना सांगत आले, आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान!

माघात तुझा कागद पुन्हा काढला आणि या वेळी नीट वाचला. तळाशी तू लिहिलं होतंस: "यांची मुळं नाजूक असतात. पाण्यातल्या क्षारांनी, खताने जळतात. यांना जे लागतं ते ही रोपं हवेतून स्वतः धरतात." मी ते चार-पाच वेळा वाचलं.

मग मैदागिनला बॅटरीच्या दुकानात गेले. डिस्टिल्ड पाणी तिथेच मिळतं. दुकानदाराने विचारलं, "माताजी, इन्वर्टर कौन कंपनी का है?" म्हटलं, "इन्वर्टर नहीं, भइया, पौधा है।" तो म्हणाला, "पौधा बैटरी से चलता है का?" आता मी दिसले की न मागता बाटली पुढे करतो. राखलेलं बी शिवरात्रीला पेरलं. अकरा रोपं जगली आहेत. कलशाला मी कुंडीपाशी फिरकू देत नाही.

इतकं लिहून झालं, आणि जे लिहायला बसले ते अजून लिहिलेलंच नाही. मध्ये उठले, वरणाला फोडणी दिली, देवाची फुलं उगाच पुन्हा मांडली. आता बसते.

पितृपक्षात तू आली होतीस. विश्वजीतचं श्राद्ध झालं, पानं उचलली, आणि गच्चीवर कपडे वाळत घालताना तू म्हणालीस, "आई, कॉलेजातल्या मुकुलने मला लग्नाचं विचारलंय. तुमचं मन मोडून मी काही करणार नाही. तुम्ही सांगाल तसं."

मी काय म्हणाले? "ती चादर नीट झटक, सुरकुत्या राहताहेत."

सात महिने झाले. तू पुन्हा विचारलं नाहीस. बी पाठवलंस.

विशूचे बाबा गेले तेव्हा मी एकेचाळीसची होते. मला कुणी काही विचारलं नाही आणि मी निभावलं. विशू गेला तेव्हा तू एकतीसची. माझं निभावणं हेच सोनं, असं धरून मी ते तुझ्याही अंगावर घालत राहिले. घरी आलेल्या प्रत्येकीला तुझ्यादेखत सांगायची, "आमची निवेदिता कुठे जायची नाही." तू मान खाली घालायचीस. मला वाटायचं, लाजते. दर गुरुवारी फोनवर तासभर विशूच्या आठवणी काढायची आणि तू "हो आई, हो आई" करायचीस. पोरी, माझ्याकडचं सगळ्यात पवित्र होतं तेच मी तुला रोज घालत होते गं. मुळं जळताहेत हे मला दिसलं नाही.

तर उत्तर ऐक. लग्न कर. मन मोडून नाही, मनापासून सांगते. हे लिहिताना रडू येतंय, ते लपवत नाही. खोटं बोलून झालंय पुष्कळ. पण माझं रडणं म्हणजे नकार, असं समजू नकोस. विशूचा फोटो भिंतीवर राहील, तो माझा मुलगा आहे. त्याच्यापुढे उभं राहून तुला कसलीही क्षमा मागायची नाही.

आणखी एक. आमच्या घरी तुझ्या दोनच मंगळागौरी झाल्या. पाचातल्या तीन राहिल्या, असं मी इतकी वर्षं मनाशी घोकत होते. आता ते सोडलं. नव्या लग्नाची पहिली, आणि पहिलीपासून पुन्हा पाच. पहिला मान मुकुलच्या आईचा, त्यात मी पडणार नाही. पण श्रावणात मंगळवार चार तरी येतात. त्यांना माझा नमस्कार सांग आणि विचार, एक मला देतील का? मंगला गौरीचं देऊळ तर आमच्या दाराशीच आहे. जागवायला पद्मा आणि तिच्या जावा हजर. पत्री पद्मानेच खुडायची, पण या कुंडीला हात लावायचा नाही, हे तिला बजावून ठेवलंय. मुकुलला तिखट चालतं का, तेवढं कळव.

यापुढे "आई" म्हणायला तुला हक्काचं दुसरं माणूस मिळेल. मिळू दे. मला काय म्हणायचं ते श्रावणात इथे येऊन ठरव. तोवर, नुसती

कालिंदी